गरम झाल्यावर आयडलिंगला थरथरणारी मारुती ८०० : दर तीन आठवड्यांनी परत येणाऱ्या बिघाडाचा माग

माझ्याकडची मारुती ८०० ही १९९७ सालची, कार्बोरेटरची (पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा भाग) आणि हाताने ओढायच्या चोकची गाडी आहे. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिला एक खोड लागली. सकाळी चोक ओढून सेल्फ मारला की ती पहिल्याच फटक्यात सुरू होई आणि चोक बाहेर असेपर्यंत नीट चाले. परंतु इंजिन गरम होऊन चोक आत ढकलला की आयडलिंगला, म्हणजे सिग्नलला नुसती चालू उभी असताना, स्टिअरिंगसकट थरथरू लागे, आणि त्यात हेडलाइट लावले की बंदच पडे. रस्त्यावर, तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये, मात्र कसलीच तक्रार नव्हती. याच्या जोडीला दुसरा त्रास असा, की लांब पल्ल्यात मध्येच दहा-वीस मिनिटे थांबून पुन्हा निघायला गेले की सेल्फ जोमात फिरत राही, पण इंजिन पकडत नसे. पुण्याहून ताम्हिणी घाटातून उतरून माणगावला चहासाठी थांबलो, तेव्हा अर्धा तास बॉनेट उघडे ठेवून बसावे लागले होते.

नेहमीच्या गॅरेजमध्ये तीन वेळा कार्बोरेटर उतरवून साफ करून झाला. प्रत्येक वेळी ‘जेटमध्ये (पेट्रोल सोडणाऱ्या बारीक छिद्रात) कचरा आला होता’ असे निदान, प्रत्येक वेळी गाडी सुतासारखी सरळ, आणि प्रत्येक वेळी सुमारे तीन आठवड्यांनी तीच थरथर. चौथ्यांदा कार्बोरेटर उतरवण्याऐवजी मी स्वतः एकेक गोष्ट क्रमाने तपासायचे ठरवले. त्या तपासणीचा क्रम, आणि तो तसाच का ठेवला याची कारणे, येथे लिहीत आहे. मुख्य बिघाड अखेर ज्या जागी सापडला ती पाहता, गाडी दर वेळी थोडे दिवस बरी का होत होती याचेही उत्तर मिळाले.

पाने-पकड हातात घेण्यापूर्वी एक वही करावी आणि बिघाड केव्हा होतो ते आठ दिवस लिहून ठेवावे. इंजिन थंड असताना की गरम असताना, कोरड्या हवेत की पावसात, पेट्रोल भरल्यानंतर लगेच की टाकी तळाला गेल्यावर, चोक ओढला की सुधारते की बिघडते, एवढ्या नोंदींनी निम्मे काम होते. माझ्या वहीतली सर्वांत बोलकी नोंद चोकची होती: गरम इंजिन थरथरत असताना चोक अगदी थोडा, बोटभर, ओढला की थरथर थांबत असे. चोक म्हणजे हवा कमी आणि पेट्रोल जास्त. ते दिल्यावर इंजिन सुधारत असेल, तर त्याला एरवी पेट्रोल कमी पडत आहे किंवा कुठून तरी जास्तीची हवा मिळत आहे, एवढे उघड होते. चोक ओढल्यावर थरथर वाढली असती आणि सायलेन्सरमधून काळा धूर आला असता, तर शोधाची दिशा नेमकी उलटी झाली असती.

तरीही सुरुवात विजेपासूनच करावी. कार्बोरेटरचे म्हणून सांगितले जाणारे कितीतरी बिघाड बॅटरीच्या टर्मिनलवर किंवा प्लगच्या वायरमध्ये दडलेले असतात, आणि तिथली तपासणी फुकट व काही मिनिटांत होते. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दाब मिळायला हवा, १२.२ म्हणजे बॅटरी जेमतेम अर्धी भरलेली. सेल्फ मारताना मीटर साडेनऊ-दहाच्या खाली जाऊ नये आणि इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.५ दिसावा. याहून महत्त्वाची, आणि फारसे कोणी न करणारी, तपासणी अर्थिंगची आहे. मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटीवर, म्हणजे क्लॅम्पवर नव्हे तर प्रत्यक्ष शिशाच्या खुंटीवर, आणि दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर अर्थची पट्टी किंवा तिचा बोल्ट गंजलेला आहे. अशा गाडीत सेल्फ फिरतो खरा, पण त्याच वेळी इग्निशन कॉइलला पुरेसा दाब मिळत नाही, ठिणगी दुबळी पडते आणि मालक कार्बोरेटरला दोष देतो. माझ्या गाडीत हा आकडा ०.७ होता. बोल्ट काढून पट्टीची दोन्ही टोके पॉलिश पेपरने घासल्यावर तो ०.१५ वर आला. सेल्फचा आवाज बदलला, परंतु गरम इंजिनची थरथर तशीच राहिली, म्हणजे हा एक दोष खरा असला तरी तो आपला दोष नव्हता.

मग ठिणगी. या इंजिनात हेडच्या टोकाला, कॅमशाफ्टवरून फिरणारा डिस्ट्रिब्युटर (ठिणगीची वीज प्रत्येक प्लगला वाटणारा भाग) आहे आणि फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ अशी आहे. कॅप काढून आतील पितळी खुंट्यांवरचा पांढरा थर आणि खुंट्यांमधील केसासारखी काळी रेघ पाहावी. ती रेघ म्हणजे तडा असतो आणि पावसाळ्यात करंट तिथूनच पळतो. कॅप संशयास्पद वाटली तर अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवावे, निळसर ठिणग्यांची रांगोळी वायरींवर दिसली की निदान संपले. प्लगमधील अंतर ०.७ ते ०.८ मिमी ठेवावे. पॉइंट (ठिणगीसाठी करंट तोडणारे संपर्क) असलेल्या जुन्या गाडीत, मग ती पहिल्या पिढीची ८०० असो की प्रीमियर पद्मिनी, सी.बी. पॉइंटचे अंतर फिलर गेजने (ठराविक जाडीच्या पट्टीने) ०.४ ते ०.५ मिमी करावे, आणि पॉइंट वारंवार जळत असतील तर पॉइंट नव्हे, कंडेन्सर बदलावा.

तीन सिलिंडरच्या इंजिनाचा एक स्वभाव येथे लक्षात घ्यायला हवा. मिनिटाला ८५० फेऱ्यांच्या आयडलिंगवर प्रत्येक सिलिंडर सेकंदाला जेमतेम सात वेळा पेटतो. त्यातला एक गप्प बसला तर एकतृतीयांश ताकद जाते आणि गाडी हादरते. चार सिलिंडरच्या गाडीत हाच दोष कितीतरी सौम्य वाटतो. शिवाय तीन सिलिंडरचे इंजिन मुळातच दोन्ही टोकांनी झुलते, ते झुलणे इंजिन माउंटिंगचे रबर गिळते, आणि रबर दबले की निरोगी इंजिनही मिसिंग मारल्यासारखे, म्हणजे एखादा सिलिंडर पेटत नसल्यासारखे, भासते. दोहोंतला फरक सायलेन्सरच्या तोंडाशी कळतो. तिथे तळहात धरला असता फुंकर एकसारखी लागत असेल तर दोष माउंटिंगचा. मधूनच एखादी फुंकर गळत असेल तर मिसिंग खरे.

माझ्या गाडीत फुंकर गळत होती, पण ठराविक लयीत नाही. इन्सुलेशन असलेल्या पकडीने एकेका प्लगची वायर काढून पाहिली (वायरीचे टोक मोकळे लोंबू न देता सुट्या प्लगला लावून तो प्लग इंजिनच्या धातूवर टेकवावा, नाहीतर इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या मोड्यूलला इजा होते, आणि हाताला बसणारा झटकाही विसरता येत नाही), तेव्हा तिन्ही वेळा इंजिन सारखेच खाली बसले. एकच सिलिंडर दोषी असता, तर त्याची वायर काढल्यावर काहीच फरक पडला नसता. म्हणजे दोष तिघांना समान लागू होणारा होता: पेट्रोल, हवा किंवा टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ). प्लगचे तोंडही तिन्हींचे सारखेच, पांढुरके होते. चांगल्या प्लगवर फिका विटकरी-तपकिरी रंग असतो. काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे कमी.

येथे पीयूसीच्या पावतीचा उपयोग झाला. ती पावती आपण काचेवर चिकटवण्यापुरती घेतो. वस्तुतः तिच्यावरचे दोन आकडे म्हणजे इंजिनाचा लघवी-रक्ताचा अहवालच असतो. भारत स्टेज दोनच्या आधीच्या पेट्रोल गाडीला आयडलिंगवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम आहे, त्यामुळे बिघडलेली गाडीही अनेकदा पास होते आणि कोणी आकड्यांकडे पाहत नाही. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे मिश्रणात पेट्रोल जास्त. कार्बन मोनॉक्साइड कमी आणि हायड्रोकार्बन जास्त म्हणजे पेट्रोल न जळताच बाहेर पडत आहे: एक तर ठिणगी चुकते, किंवा मिश्रण इतके पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी) आहे की ते पेटतच नाही. तिसऱ्यांदा कार्बोरेटर साफ झाला त्याच दिवशी आणि नंतर थरथर परतल्यावर अशी दोनदा पैसे भरून मी तपासणी करून घेतली. पहिल्या पावतीत कार्बन मोनॉक्साइड अडीच टक्क्यांजवळ होते. दुसऱ्या पावतीत ते एक टक्क्याच्या खाली उतरले होते आणि हायड्रोकार्बन जवळपास दुप्पट झाले होते. या काळात कोणीही स्क्रूला हात लावलेला नव्हता. मिश्रण आपोआप पातळ होत होते.

पातळ होण्याची कारणे दोनच प्रकारची: स्लो सर्किटमधून (आयडलिंगला पेट्रोल देणाऱ्या मार्गातून) पेट्रोल कमी येणे किंवा कार्बोरेटरला वळसा घालून हवा आत शिरणे. पहिल्यासाठी आयडल सोलेनॉइड (त्या मार्गाची विजेवर उघडणारी झडप) पाहिला. चावी ऑन केल्यावर कार्बोरेटरवरच्या या छोट्या दंडगोलातून ‘टक्’ असा आवाज यायला हवा; त्याची वायर सैल असेल तर गाडी आयडलिंगला थेट बंद पडते आणि रेस दिल्यावर मात्र उत्तम पळते, आणि अनेक कार्बोरेटर या एका वायरीपायी विनाकारण खोलले गेले आहेत. माझ्याकडे टक् व्यवस्थित वाजत होते.

हवेच्या गळतीसाठी व्हॅक्यूम गेज (इंजिन हवा किती जोराने ओढते ते मोजणारे साधन) लावला. मॅनिफोल्डच्या (कार्बोरेटरमधून सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या भागाच्या) एका नळीला जोडायचे हे साधन महाग नाही आणि जुन्या गाडीच्या मालकाकडे ते मल्टिमीटरइतकेच असायला हवे, असे माझे मत आहे. समुद्रसपाटीला निरोगी इंजिन आयडलिंगवर १७ ते २१ इंच (पाऱ्याच्या उंचीत मोजलेले) दाखवते. उंचीच्या दर हजार फुटांमागे साधारण एक इंच वजा करावा, म्हणजे पुण्यात १५ ते १९ ठीक. व्हॉल्व्ह नीट बसत नसेल तर काटा ठराविक लयीत झटके देतो. माझा काटा थंड इंजिनवर १६ होता आणि इंजिन गरम होत गेले तसा, झटके न देता, हळूहळू १२ पर्यंत उतरला. तापमानाबरोबर उघडणारी फट कुठे तरी होती.

सर्व नळ्या एकेक करून पकडीने दाबून पाहिल्या: पीसीव्हीची (इंजिनच्या पोटातली वाफ परत आत नेणारी), डिस्ट्रिब्युटरच्या ॲडव्हान्सची (ठिणगीची वेळ पुढे आणणारी), ब्रेकच्या बूस्टरची. फरक पडला नाही. मग साबणाच्या पाण्याची फवारणी घेऊन कार्बोरेटरच्या बुडाशी, जिथे तो मॅनिफोल्डवर बसतो, बारीक धार मारली. इंजिनचा आवाज क्षणभर सुधारला, काटा तीन इंच वर उडाला आणि पाणी आत ओढले गेल्यावर पुन्हा खाली आला. यासाठी पुष्कळजण कार्ब क्लीनरचा स्प्रे वापरतात. तोही चालतो, परंतु तो ज्वालाग्राही आहे आणि तापलेल्या एक्झॉस्टजवळ तो उडवण्याचे धाडस मला करवत नाही.

कार्बोरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्यामध्ये उष्णता रोखणारा एक जाड काळा ठोकळा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पातळ पॅकिंग. मी कार्बोरेटर उतरवला, तेव्हा ही दोन्ही पॅकिंग दाबून कागदासारखी झालेली आणि एका कोपऱ्यात फाटलेली होती. कार्बोरेटर तीनदा उतरवला गेला आणि तीनही वेळा तीच जुनी पॅकिंग परत बसवली गेली. पॅकिंग धरत नाही म्हणून नट अधिकाधिक आवळले गेले असणार, कारण कार्बोरेटरचा तळही वाकला होता: स्टीलची पट्टी आडवी ठेवली असता मध्यभागी ०.२ मिमीची फिलर सहज जात होती. दर दुरुस्तीने ही फट थोडी थोडी रुंदावली होती.

मग तीन आठवडे गाडी बरी कशी चालत होती? कार्बोरेटर बसवल्यावर आयडलिंग कमी वाटते म्हणून थ्रॉटलचा (हवेच्या झडपेचा) स्क्रू आत फिरवला जाई आणि मिश्रणाचा स्क्रू मोकळा केला जाई. आयडलिंग अकराशे-बाराशेवर गेले की थ्रॉटलमधून येणाऱ्या हवेच्या मानाने गळतीची हवा किरकोळ ठरते आणि वाढवलेले पेट्रोल ती झाकून टाकते. पुढे इंजिनच्या रोजच्या तापण्या-निवण्याने नट सैल होत, फट वाढे, आणि झाकण अपुरे पडे. पहिल्या पावतीतले वाढलेले कार्बन मोनॉक्साइड हे त्या झाकणाचेच होते.

दुरुस्ती साधी होती. जाड सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून त्यावर कार्बोरेटरचा तळ इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवत फट जाईपर्यंत घासला, नवा ठोकळा आणि दोन नवी पॅकिंग बसवली, आणि नट एकदम न आवळता समोरासमोरचे आळीपाळीने, थोडे थोडे करून आवळले. येथे सिलिकॉनची पेस्ट वापरण्याचा मोह टाळावा. पेट्रोलने ती फुगते, सुटते आणि तिचे धागे स्लो जेटमध्ये जाऊन बसतात. मग ‘कचरा आला होता’ हे निदान खरे ठरते.

आता उरला गरम गाडी पुन्हा सुरू न होण्याचा प्रश्न. त्याचे कारण वेगळे होते, आणि दोन्ही तक्रारींना एकच मूळ असणार असे धरून मी त्यात आठवडा घालवला, हे कबूल करायला हवे. गरम इंजिन बंद केल्यावर पाणी फिरायचे थांबते आणि पुढची पंधरा-वीस मिनिटे कार्बोरेटर उलट जास्त तापतो. पेट्रोलमधील हलके घटक ४० अंशांच्या आसपासच उकळू लागतात. फ्लोट चेंबरमधले (कार्बोरेटरच्या छोट्या साठवणीतले) पेट्रोल फेसाळून नोझलमधून कार्बोरेटरच्या घशात थेंब थेंब उतरते. नीडल व्हॉल्व्ह (त्या साठवणीत येणारे पेट्रोल अडवणारी सुई) झिजलेला असेल तर पंपाच्या नळीतील दाबाने आणखी पेट्रोल आत येते, आणि मॅनिफोल्ड पेट्रोलने ओले होते. एअर क्लीनर काढून, गाडी बंद केल्यावर दहा मिनिटांनी बॅटरीच्या टॉर्चने घशात पाहिले तर हे थेंब डोळ्यांना दिसतात. अशा वेळी चोक ओढणे किंवा ॲक्सिलरेटर पंप करणे म्हणजे बुडत्याच्या तोंडात पाणी ओतणे. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून तसाच धरावा, चोक आत असावा आणि सेल्फ सात-आठ सेकंद मारावा; जास्तीचे पेट्रोल हवेबरोबर निघून जाते व इंजिन पकडते. हा तात्पुरता उपाय. कायमचा उपाय म्हणून नीडल व्हॉल्व्ह आणि त्याची जागा यांचा संच बदलला व फ्लोटची पातळी बसवून घेतली. नवा ठोकळा बसल्यानेही मॅनिफोल्डची उष्णता वर चढणे कमी झाले असावे. नंतर त्याच घाटातून उतरून त्याच टपरीवर थांबलो, आणि गाडी अर्ध्या सेल्फमध्ये सुरू झाली.

पेट्रोलविषयीही लिहायला हवे. आपल्याकडे पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी वजनाने १४.७ भाग हवा लागते; या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास पुरते. इंजेक्शनच्या नव्या गाड्या ऑक्सिजन सेन्सरच्या आधारे पेट्रोल वाढवून हा फरक भरून काढतात, १९९७ सालच्या जेटला ते जमणे शक्य नाही. त्यामुळे जुनी गाडी मुळातच सात-आठ टक्के पातळ मिश्रणावर चालते आणि पूर्वी खपून गेली असती अशी बारीक गळतीही आता थरथर म्हणून प्रकट होते. इथेनॉलने जुनी रबरी नळी आणि पंपाचा पडदा मऊ पडतो, आणि ते हवेतील पाणी शोषून घेत असल्याने महिनोन् महिने उभ्या राहणाऱ्या गाडीत चेंबरच्या तळाशी पांढरट गाळ साचतो. आठवड्यातून एकदा गाडी अर्धा तास खरोखर चालवावी आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घालाव्यात.

हे सर्व करूनही आयडलिंग बसत नसेल तर टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला उघडणारा भाग यांच्यातली फट, पाहावेत. थंड इंजिनवर साधारण ०.१५ मिमी अंतर असावे. टॅपेट आवाज करत नाहीत म्हणून ते ठीक आहेत असे मानू नये, कारण घट्ट टॅपेट आवाज करत नाही आणि गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण मिटू देत नाही. त्यानंतर कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब): तिन्ही सिलिंडरमधला फरक दर चौरस सेंटिमीटरला एक किलोच्या आत असावा.

२००० सालानंतरच्या इंजेक्शनच्या ८०० मध्ये क्रम वेगळा आहे. तिथे आधी थ्रॉटल बॉडीवरचा काळा थर आणि आयडल एअर व्हॉल्व्ह साफ करावा, मग चेक इंजिनचा दिवा व कोड पाहावा. गरम झाल्यावर सुरू न होणाऱ्या अशा गाडीत पाण्याच्या तापमानाचा सेन्सर पहिला संशयित धरावा.

माझ्या गाडीचे ट्यूनिंग सर्वांत शेवटी केले: पूर्ण गरम इंजिनवर, पंखा बंद असताना, व्हॅक्यूमचा काटा सर्वांत वर जाईल तिथे मिश्रणाचा स्क्रू ठेवून तो किंचित आत घेतला आणि थ्रॉटलच्या स्क्रूने आयडलिंग ८५० वर आणले. काटा आता गरम इंजिनवर १७ वर स्थिर राहतो. दोनशे किलोमीटरनंतर कार्बोरेटरचे नट एकदा हलक्या हाताने तपासले, तेव्हा दोन नट पाव फेरी आत गेले. पाच महिने झाले आहेत आणि हेडलाइट लावल्यावर गाडी बंद पडत नाही. उभी असताना आरशात अजूनही बारीक थरथर दिसते. सायलेन्सरची फुंकर मात्र एकसारखी आहे, तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला गिअरबॉक्सकडचे माउंटिंग बदलायचे आहे.